सायकलींचा मुक्काम गावाने ठरवावा

नागपूरहून दक्षिणेकडे येणारा रस्ता जामला फुटतो. सरळ जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ हिंगणघाट, पांढरकवडा करत आदिलाबादकडे उतरतो आणि डावीकडचा रस्ता वरोरा, भद्रावती करत चंद्रपूरला पोचतो. काश्मीर ते कन्याकुमारी सायकलने जाणारे बहुतेक जण इथून सरळ जातात. गेल्या काही वर्षांत या प्रवासाच्या आखीव सहली निघू लागल्या आहेत. साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटरचा पल्ला, सोबत वाटाड्या, सामान वाहणारी गाडी, ट्यूब-टायर-चेन बदलून देणारा मेकॅनिक आणि रात्री आधीच बुक केलेले हॉटेल अशी त्यांची रचना असते. पैसे भरायचे आणि फक्त पायडल मारायचे. व्हिएतनाम, श्रीलंका किंवा इंग्लंड या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने पार करण्याच्या सहली जगभर अशाच चालतात आणि त्यात गैर काही नाही. पण देश सायकलने ओलांडण्याचा अर्थ किलोमीटरमध्ये नसून मुक्कामांमध्ये असतो, असे मला ठामपणे वाटते. या सहलींनी जामला डावीकडे वळावे, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलातून जावे. मात्र त्यांनी कुठे थांबायचे, किती जणांनी थांबायचे आणि काय दराने थांबायचे हे तिथल्या ग्रामसभांनी ठरवावे.

या मागणीला इतिहासाचा आधार आहे आणि तो याच रस्त्यावर, वरोऱ्यात आहे. डिसेंबर १९८५ मध्ये आनंदवनाच्या बाबा आमट्यांनी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ सायकल यात्रा काढली. इंदिरा गांधींच्या हत्येला आणि त्यानंतरच्या दंगलींना जेमतेम वर्ष उलटले होते, पंजाब धुमसत होता. सत्तरी ओलांडलेले बाबा मणक्याच्या दुखण्यामुळे बसू शकत नव्हते, म्हणून ते बसगाडीत आडवे पडून प्रवास करत होते आणि त्यांच्या सोबत शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होत्या. काश्मीरच्या दिशेने पाच हजारांहून अधिक किलोमीटर ही मंडळी गेली. १९८८ मध्ये दुसरी यात्रा निघाली, अरुणाचलातून थेट गुजरातच्या ओखा बंदरापर्यंत. आजच्या परिभाषेत सांगायचे तर या सपोर्ट गाडीसह काढलेल्या, मार्गदर्शित, लांब पल्ल्याच्या सायकल सहलीच होत्या. फरक एवढाच की त्यांचा मार्ग माणसांवरून ठरत होता. आज कोणत्या गावात, कोणाशी बोलायचे, कोणाच्या घरची भाकर खायची, हे त्या यात्रेचे खरे वेळापत्रक होते. अंतर त्याच्यामागून येत होते. म्हणून तर काश्मीर ते कन्याकुमारी सरळ मोजले तर होणाऱ्या अंतरापेक्षा ही यात्रा कितीतरी लांबली.

ज्यांना वेगाची आस आहे त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. मराठी सायकलस्वारांची ही कमाई मोठी आहे. पण स्पर्धा निराळी आणि सुट्टी निराळी. सुट्टीसाठी आलेल्या माणसाला घड्याळाशी झुंजायचे नसते, त्याला देश पाहायचा असतो. चौपदरी महामार्गाच्या कडेने, ट्रकच्या हॉर्नात, एका टोलनाक्यापासून दुसऱ्या टोलनाक्यापर्यंत जाऊन तो काय पाहणार? हिंगणघाटचे हॉटेल आणि आदिलाबादचे हॉटेल यांत उशीच्या अभ्र्यापलीकडे फारसा फरक नसतो. महाराष्ट्राला हे सांगण्याची खरे तर गरजच पडू नये. वारीच्या दिंडीला मुक्कामांचे महत्त्व शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे: कोणत्या गावी विसावा, कोणत्या गावी मुक्काम, पंगत कोणाची, हे ठरलेले असते आणि त्या त्या गावाला त्याचा मान असतो. वाटेतले गाव पालखीला केवळ रस्ता देत नाही, पालखी त्या गावाची होऊन जाते.

आता अर्थकारणाकडे पाहू, कारण या दोन जिल्ह्यांना पर्यटन नवे नाही. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, १९९५ पासून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प आहे आणि देशभरातून लोक इथे वाघ पाहायला येतात. हा पाहुणा नागपूरच्या विमानतळावर उतरतो, मोटारीने मोहर्ली किंवा कोलाऱ्याच्या गेटजवळच्या रिसॉर्टवर येतो, पहाटे आणि दुपारी जिप्सीतून फिरतो आणि परत जातो. जिप्सीचालकांना, गाईडना, रिसॉर्टमध्ये काम करणाऱ्यांना यातून रोजगार मिळाला आहे. मोहर्लीत महिला गाईड उभ्या राहिल्या, हे तर अभिमानाने सांगण्यासारखे आहे. पण पैसा गेटभोवती साचतो. गेटपासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या गावाला पर्यटनाचा वास येतो तो फक्त धुळीतून. सायकलस्वाराचे तसे नसते, आणि याचे कारण त्याच्या चांगुलपणात नसून त्याच्या पायांत आहे. ताशी पंधरा किलोमीटरच्या चालीने तो दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर जातो. दर तासा-दीड तासाने त्याला पाणी लागते, चहा लागतो, दुपारी भात-वरण लागते, सावली लागते आणि अंधार पडण्याआधी छप्पर लागते. मोटार जे गाव दोन मिनिटांत मागे टाकते तिथे सायकलला थांबावेच लागते. वरोऱ्याहून सिरोंचापर्यंत जायचे तर आठवडा सहज मोडतो, म्हणजे सहा-सात रात्री सहा-सात वेगळ्या गावांत. इतक्या पातळ थरात पैसा पसरवणारे दुसरे पर्यटन मला दिसत नाही.

या वाटेवर पाहण्यासारखे काय आहे, असे विचारणाऱ्यांनी फक्त नकाशा उघडावा. वरोऱ्याचे आनंदवन, १९४२ च्या ऑगस्टमधल्या उठावाचे चिमूर, मूल तालुक्यातले सोमनाथ, जिथे बाबांच्या श्रमसंस्कार छावणीने महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांच्या हातात कुदळ-फावडे दिले, वैनगंगा ओलांडल्यावर गडचिरोली, त्याच्या पूर्वेला धानोऱ्याच्या वाटेवर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे शोधग्राम. दक्षिणेला चामोर्शीजवळ नदीकाठचे मार्कंडा देवस्थान. मग आलापल्लीचे जुने सागवान, भामरागडच्या वाटेवर १९७३ मध्ये सुरू झालेला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प, कमलापूरचा हत्ती कॅम्प आणि शेवटी प्राणहिता-गोदावरीच्या काठचे सिरोंचा, जिथे मराठी बोलता बोलता तेलुगू सुरू होते. काळ मात्र नेमका निवडावा लागेल. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. म्हणजे उरतात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हेच दिवस धान निघण्याचे, मंडईच्या जत्रेचे आणि झाडीपट्टी नाटकांचे. वडशाच्या नाटक मंडळ्या या दिवसांत गावोगाव फिरतात. मंडईला लेकी-जावई येतात, शेजारच्या गावचे सोयरे येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात आणि रात्री दहाला वर गेलेला पडदा पहाट झाल्याशिवाय पडत नाही. नाटकाला तिकीट असते, बाकडी भरलेली असतात आणि हा खेळ पर्यटकांसाठी कोणी उभारलेला नसतो. पाहुण्याने गर्दीत बसून पाहायचे. एवढे अस्सल काही दाखवायला जगातल्या कोणत्या सायकल सहलीकडे असेल?

ग्रामसभेच्या हाती हा कारभार द्या म्हटले की पहिला सूर निघतो, गावकऱ्यांना हे झेपेल का? गडचिरोलीच्या बाबतीत हा प्रश्न विचारणे म्हणजे गेल्या पंधरा-वीस वर्षांचा इतिहास न वाचणे होय. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या हक्कांपैकी तो एक. दोन वर्षांनी बांबूचा वाहतूक परवाना स्वतः देण्याचा अधिकार त्याच ग्रामसभेने मिळवला आणि वनखात्याच्या शतकभराच्या सवयीला तिथे पहिला छेद गेला. या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. कोणाचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजारभर हेक्टरचा हक्क मिळाला. त्या गावाने बांबू विकून कमाई केली, पण तेंदूपत्ता तोडणे मात्र बंद केले. तेंदूच्या हंगामात झाडे छाटली जातात, आगी लागतात, जंगलाचे नुकसान होते, हे ओळखून गावाने हाती येणारा पैसा सोडला. जी ग्रामसभा इतका अवघड निर्णय घेऊन तो पाळते, तिला आठवड्याला बारा सायकलस्वारांचे जेवणखाण आणि झोपण्याची सोय झेपणार नाही, हे म्हणणे मला पटत नाही. उलट, किती पाहुणे पुरे आणि कधी नको म्हणायचे, हे ठरवण्याचा सराव असलेल्या संस्था पर्यटनाच्या धंद्यात फार कमी असतात. इथे त्या आयत्या आहेत.

सर्वांत गंभीर आक्षेप वाघाचा आहे आणि तो हातावेगळा करून चालणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यात माणूस-वाघ संघर्ष राज्यात सर्वाधिक तीव्र आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात दरवर्षी माणसे मारली जातात. गडचिरोलीतही वाघ वाढले आहेत आणि २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेले रानटी हत्ती जिल्ह्याच्या उत्तर भागात वावरत आहेत. अशा मुलखात हौशी सायकलस्वार पाठवायचे? याचे उत्तर हल्ले कसे होतात ते नीट पाहिल्यावर मिळते. बहुतेक बळी जंगलात शिरलेल्या माणसांचे असतात: भल्या पहाटे मोहफुले वेचायला वाकलेली बाई, तेंदूपाने तोडणारी माणसे, सरपणाला गेलेली माणसे, जनावरांमागचा गुराखी. वाकलेले किंवा उकिडवे बसलेले माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असे जाणकार सांगत आले आहेत. मोह आणि तेंदूचा हंगाम मार्च ते मे असतो, म्हणजे सहलीचा काळ संपल्यावर. हमरस्त्यावरून, भर दिवसा, गटाने, पुढे-मागे गाडी घेऊन जाणाऱ्यांचा धोका त्या मोह वेचणाऱ्या बाईपेक्षा कितीतरी कमी आहे. शून्य नाही, रस्त्यावरही हल्ले झाले आहेत. म्हणून नियम कडक हवेत: सकाळी आठच्या आधी आणि दुपारी चारनंतर सायकल चालवायची नाही, एकट्याने मागे राहायचे नाही, लघवीलाही झाडीत शिरायचे नाही, आणि स्थानिक वनरक्षकाने किंवा गावाने आज हा रस्ता नको म्हटले तर सायकली गाडीवर चढवून निमूट पुढे जायचे. वाटाड्या बाहेरून आणून इथे चालणारच नाही, कारण काल रात्री वाघीण कोणत्या नाल्याकडे गेली हे फक्त गावाला ठाऊक असते. आणि एक गोष्ट विसरू नये. याच रस्त्यांवरून मुली शाळेत जातात, मजूर कामावरून परततात. रस्त्याकडेची झुडपे साफ करणे, वळणांवर दिवे लावणे, वाघाच्या वावराची खबर वेळेवर गावात पोचवणे, ही कामे त्यांच्यासाठी कधीच व्हायला हवी होती. पाहुण्यांच्या निमित्ताने ती झाली, तर मी त्या निमित्ताचे स्वागत करीन.

नक्षलवादाच्या भीतीबद्दल थोडक्यात. जांभुळखेड्याच्या २०१९ च्या स्फोटाची आठवण बुजलेली नाही आणि बुजूही नये. पण परिस्थिती बदलली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी एटापल्ली तालुक्यातल्या गट्ट्याच्या पलीकडच्या गावांना स्वातंत्र्यानंतर प्रथमच एसटी मिळाली. जिथे एसटी पोचते तिथे सायकल पोचू शकते. मला जास्त काळजी वाटते ती ट्रकची. सुरजागडच्या लोहखनिजाच्या वाहतुकीने एटापल्ली, आलापल्ली, आष्टी हे रस्ते ट्रकनी इतके भरून गेले आहेत की तिथल्या दुचाकीस्वाराला जीव मुठीत धरून जावे लागते. या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकना दिवसातले काही तास बंदी आणि डांबराला लागून दीड मीटरची पक्की कड, एवढे झाले नाही तर मी स्वतः या भागात सहल नेऊ नये असेच म्हणेन. ही मागणी सायकलवाल्यांची म्हणून कोणी झटकू नये. ती तिथल्या प्रत्येक गावाची जुनी मागणी आहे.

आणखी एक आक्षेप मनाला लागणारा आहे. ज्या मुलखात माणूस पोटासाठी सायकल हाकतो, सरपणाची मोळी कॅरिअरला बांधून बाजार गाठतो, तिथे लाखभराची सायकल घेऊन मौजेसाठी यायचे, यात संवेदना कुठे आहे? गोंड-माडियांच्या घरांत डोकावून फोटो काढण्याचे हे नवे निमित्त नव्हे का? आदिवासी माणसाला प्रदर्शनातली वस्तू करणारे पर्यटन देशात पुष्कळ झाले आहे, त्यामुळे ही भीती खोटी नाही. पण म्हणूनच मुक्कामाचा अधिकार गावाकडे हवा, असे माझे म्हणणे आहे. ढोल-रेलाचे नृत्य पाहुण्यांसाठी होणार की नाही, गोटुल या गावाच्या सामूहिक घरात कोणाला येऊ द्यायचे, फोटो काढू द्यायचे का, हे बाहेरच्या कंपनीच्या माहितीपत्रकात छापून येता कामा नये. राहिली सायकलची गोष्ट. या जिल्ह्यांत सायकल गरिबीची खूण म्हणून उरलेली नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या आणि त्यांतल्या कित्येक मुलींची शाळा त्या सायकलमुळे टिकली. नायलॉनची दोरी गुंडाळलेले सीट, घंटी गेलेली, मडगार्डवर खडूने लिहिलेले नाव. पण ती तिची सायकल असते. या मुली मोठ्या झाल्या की त्यांच्यातून वाटाड्या आणि मेकॅनिक का तयार होऊ नयेत? रस्ता त्यांना पाठ आहे, गोंडी, मराठी, हिंदी येते, पुढे तेलुगूही कळते. चेन बसवणे आणि पंक्चर काढणे दोन आठवड्यांत शिकता येते. गावात कोणाच्या घरी जायचे आणि कोणाच्या नाही, हे दोन वर्षांतही बाहेरच्याला शिकता येत नाही.

बाबांची यात्रा सुट्टी नव्हती, तिला सहलीशी जोडणे म्हणजे तिचा अपमान, असेही काही जण म्हणतील. ती सुट्टी नव्हती, हे खरे आहे. पण आज देश ओलांडायला निघालेल्या सगळ्यांनी कार्यकर्ता व्हावे ही अपेक्षा धरली तर कोणीच येणार नाही आणि गावांना काहीच मिळणार नाही. माणसे आनंदासाठी येतात, येऊ द्यावीत. यात्रेतून उचलण्यासारखी आहे ती तिची बांधणी.

सुरुवात एकाच टप्प्याने व्हावी: मूल ते आलापल्ली, पुढच्या नोव्हेंबरपासून, पाच मुक्काम. वडसा आणि बल्लारशा ही रेल्वे स्थानके जवळ असल्याने बाहेरून येणाऱ्यांना सायकली आणणे कठीण नाही. जिल्हा परिषदेने त्यासाठी ग्रामसभांची एक बैठक धान कापणीच्या आधी, म्हणजे सप्टेंबरातच बोलवावी, कारण कापणी सुरू झाली की कोणाला सवड नसते. सहल काढणाऱ्या कंपनीने तिथे यावे, अटी ऐकाव्यात, पटल्या तर सही करावी. एका गटात बारापेक्षा अधिक माणसे नाहीत, एका गावात आठवड्यातून एकच मुक्काम, मुक्कामाचे पैसे सायकली निघण्याच्या आदल्या रात्री थेट ग्रामसभेच्या खात्यात, वाटाड्या गावाच्या यादीतलाच. ग्रामसभेला वर्षअखेरीस हा व्यवहार नकोसा वाटला तर तिने कारण न देता करार मोडावा, ही अट करारात सर्वांत वर लिहिलेली असावी.